सपाट प्रदेशाचे निसर्गचित्र

नागपुरात निसर्गचित्र काढायला बसणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ती उभ्या आकारांची उणीव. कोकणात कागदाच्या एका कडेला माडाचे खोड घेतले की चित्राला तोल येतो. वाईला घाट आहेत, पायऱ्या आहेत, देवळांची शिखरे आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबे आहेत. सह्याद्रीत एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा अंतर दाखवण्याचे अर्धे काम परस्पर करून टाकतात. आमच्याकडे समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरचा, फारसा चढउतार नसलेला प्रदेश आहे. सीताबर्डीची किल्ल्याची टेकडी आणि सेमिनरी हिल्स सोडल्या, तर शहरात नजर वर उचलावी असे भूरूप नाही. भंडारा रोडने मौद्याकडे निघाले की क्षितिज म्हणजे पट्टीने ओढावी तशी रेघ असते, तिच्यावर बाभळी, विजेचे मनोरे, एखादी पाण्याची टाकी. खाली धानाच्या बांध्या आणि वर आकाश. चित्रकाराने काय उचलावे?

या प्रश्नाचे सोपे उत्तर नागपूरने फार पूर्वी स्वीकारले, आणि ते म्हणजे दुसरीकडचे निसर्गचित्र आपल्या भिंतीवर लावणे. मी पाहिलेल्या कितीतरी दिवाणखान्यांत कोकणातली होडी आहे, बनारसचा घाट आहे, हिमाचलातले बर्फ आहे. आमच्याच शहरातला अंबाझरी तलाव क्वचित आहे आणि शेजारची कोराडी कधीच नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीला बसलेली मुले दोन डोंगरांच्या मधून सूर्य काढतात, त्याखालून वळत येणारी नदी काढतात आणि काठावर माड उभे करतात. ज्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यांच्या हाताला माड आधी यावा, याचे मला वाईट वाटते. दोष मुलांचा नाही. निसर्गचित्र म्हणजे काय याचा जो साचा आपल्याला मिळाला, त्यात आमचा प्रदेश बसतच नाही.

हा साचा आला कोठून, ते पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर फिरले आणि त्यांनी रम्य स्थळे कशी पाहायची याचे वळण घालून दिले: पुढे काळोखी झाडे, मध्ये उजळ इमारत किंवा पाणी, मागे धूसर डोंगर. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पुढच्या पिढ्यांनी इंग्रजी जलरंगाची शिस्त आत्मसात केली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून या शिस्तीला आपल्या मातीतले रूप दिले. एकाच परिसराकडे त्यांनी वर्षानुवर्षे परत परत जाणे मला त्यांच्या कौशल्याइतकेच मोलाचे वाटते. नंतर हळदणकर, परांडेकर, बेंद्रे असे किती तरी समर्थ हात झाले. परंपरा मोठी आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण ती पाण्याजवळ वाढली. समुद्र, तळे, नदी, पाऊस आणि हवेतला दमटपणा यांच्या सोबतीने तिची रीत ठरली.

हवेतल्या दमटपणाचा उल्लेख मी मुद्दाम केला. जलरंगातला वॉश म्हणजे ओल्या कागदावर रंग सोडून त्याला पसरू देणे, आणि कडा सुकण्याआधी पुढचा रंग त्यात मिसळू देणे. इंग्लंडात किंवा जुलैच्या मुंबईत कागद बराच वेळ ओला राहतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि आकाशाचा वॉश कागदाच्या निम्म्यापर्यंत येण्याआधी वरची कड वाळून तिथे रेघ उमटते. रंगात ग्लिसरीनचे थेंब टाकणे, कागद मागून भिजवून काचेवर चिकटवणे, पहाटे साडेपाचलाच बसणे असे उपाय येथले चित्रकार करतातच. मी ते सर्व करीत आलो आहे. पण काही काळाने मला असे वाटू लागले की जी रीत टिकवण्यासाठी हवेशी इतके भांडावे लागते, ती या हवेचे चित्र काढायला योग्य आहे का, हे तपासले पाहिजे. येथल्या उन्हाळ्यात कडा मऊ नसतात. सावली कापून ठेवल्यासारखी पडते. कोरड्या ब्रशने ओढलेला, मध्ये कागद उघडा ठेवणारा फटकारा, किंवा पोस्टर कलरसारखा अपारदर्शक रंग त्या उन्हाला अधिक प्रामाणिक राहतो.

उजेडाचेही तसेच आहे. निसर्गचित्र शिकवताना पहिला धडा असतो की आकाश सर्वांत उजळ, जमीन त्याहून गडद, उभी झाडे सर्वांत गडद. एप्रिल-मेमधल्या दुपारी फुटाळा तलावाच्या काठावर उभे राहून डोळे बारीक करून पाहावे: धुळीने भरलेले आकाश मळकट राखी दिसते, आणि वाळलेले गवत, सिमेंटचा रस्ता, पांढरी मुरमाड जमीन हे सारे आकाशापेक्षा उजळ असते. उजेड खालून वर येत असल्याचा भास होतो. पाठ केलेल्या क्रमाने चित्र काढले तर ते सुरेख होईल, पण ते नागपूरच्या दुपारचे राहणार नाही. रंगछटांचा क्रम उलटवायला धैर्य लागते, कारण पाहणाऱ्याला असे चित्र आधी चुकलेले वाटते.

जगभर निसर्गचित्राच्या विचारात गेल्या साठेक वर्षांत जे बदल झाले, ते मी याच अडचणीच्या बाजूने वाचत आलो आहे. कोठे बसायचे आणि चौकटीत काय घ्यायचे, हे पूर्वीचे मुख्य प्रश्न होते. आता ही जमीन कशाची बनली आहे, तिच्यावर कोण राबते, तिच्याखालून काय काढून नेले जाते आणि चित्रकार तिच्यापाशी किती काळ थांबायला तयार आहे, हे प्रश्न पुढे आले आहेत. ज्या प्रदेशाला दाखवण्यासारखे दृश्य कमी, त्याला हे प्रश्न फार मानवतात. आणि मला अभिमान वाटतो तो याचा, की त्यांची काही उत्तरे नागपूरच्या आसपास जन्मलेल्या किंवा वाढलेल्या माणसांनीच दिली आहेत.

सय्यद हैदर रझा यांचे नाव येथे पहिले घ्यायला हवे. त्यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा; वडील जंगल खात्यात. १९३९ ते १९४३ या काळात ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे. मध्ये गेले आणि १९५० मध्ये फ्रान्सला. त्यांची मुंबईतली सुरुवातीची जलरंगचित्रे ही रस्त्यांची, पावसाची, गर्दीची निसर्गचित्रेच आहेत. फ्रान्समध्ये आधी घट्ट बांधणीची गावे आली, काळ्या आकाशाखाली घरांचे ठोकळे. मग जाड तैलरंगात ती घरे वितळू लागली, आणि साठ-सत्तरच्या दशकांत घर, झाड, टेकडी असे काही वेगळे दाखवता येणार नाही, पण रात्रीचे जंगल आणि त्यात पेटलेला उजेड यांची खात्री पटेल, अशी चित्रे झाली. बिंदू आणि त्रिकोणांची भूमितीही त्यांच्या दृष्टीने पंचमहाभूतांचीच होती. माझे मत विचाराल, तर अखेरच्या काळातल्या नेटक्या भूमितीपेक्षा मधल्या वर्षांतली ती खदखदणारी चित्रे मला फार जवळची आहेत, कारण त्यांत जमीन अजून आकार घेते आहे. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण फ्रान्सच्या उन्हात बसून एक माणूस नर्मदेकाठचे जंगल रंगवत होता. स्पॉटवर न जाता, आठवणीतून, आणि तरीही निसर्गचित्र. जागेशी इमान राखण्याचा तो एक मार्ग आहे, आणि तो सोपा नाही.

दुसरे नाव वासुदेव गायतोंडे यांचे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. आयुष्य मुंबई आणि दिल्लीत गेले. ते आपल्या चित्रांना अमूर्तही म्हणू देत नसत, मग निसर्गचित्र म्हणणे दूरच राहिले, आणि मी तसे म्हणणार नाही. पण सपाट प्रदेश रंगवणाऱ्याने त्यांच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे. रोलरने रंगाचे थर पसरायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे, थांबायचे, पुन्हा थर द्यायचा. वर्षाला मोजकीच चित्रे करायची. त्यांच्या कॅनव्हासवर वस्तू नसतात, तरी कोठे दाट, कोठे विरळ असा उजेड असतो, आणि डोळा त्यात फिरत राहतो. वस्तू नसलेल्या पृष्ठभागावर नजर कशी खिळवून ठेवायची, हाच तर मौद्याच्या रस्त्यावर मला पडलेला प्रश्न आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. नागपूरच्या कलाविद्यार्थ्याला हे माहीत असते; त्यातून आपल्या आडव्या क्षितिजासाठी काय घेता येईल, याची चर्चा मात्र मी फारशी ऐकलेली नाही.

मंडल्याचीच आणखी एक वाट आहे. रझांच्याच जिल्ह्यातल्या, आता दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या पाटणगडचे जनगढसिंह श्याम भिंतीवरून कागदावर आले ते १९८० च्या दशकाच्या आरंभी, भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या उभारणीच्या काळात. त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या परधान गोंड चित्रकारांच्या कामात झाड, हरीण, पाणी, देव सारे आहे, पण क्षितिज नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियम नाही. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली भूमी सर्व बाजूंनी एकाच वेळी हजर असते. ऑस्ट्रेलियाच्या एमिली काम क्नग्वरे यांनी आपल्या मुलखाची चित्रे अशीच, जमिनीवर कॅनव्हास पसरून, वरून पाहिल्यासारखी केली. सपाट प्रदेशाला डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले तर एक रेघ मिळते; वरून पाहिले तर बांध, पाट, पायवाटा, तळी यांची सगळी वीण उलगडते. बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या गोंडांच्या या शहरात, ही पाहण्याची रीत केवळ लोककलेच्या दालनात ठेवून द्यावी आणि निसर्गचित्राच्या वर्गात यथार्थदर्शनाखेरीज (पर्स्पेक्टिव्हखेरीज) दुसरे काही शिकवू नये, हे मला पटत नाही.

वरून पाहण्याचा आणखी एक वारसा येथे दगडात उभा आहे. झिरो माईलचा स्तंभ सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. जमीन मोजून तिचा नकाशा करण्याचे काम या शहराला जवळचे आहे. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये उपग्रहातून घेतलेले चित्र असते आणि तरुण चित्रकार त्यावरून सर्रास काम करतात. मला त्यात गैर वाटत नाही, फक्त त्यातून ऊन, वास आणि पायाखालची ढेकळे निघून जातात, ती चित्रात कोठून तरी परत आणावी लागतात.

माणसांकडे येतो. आम्हाला शिकवले जाई की लँडस्केप पूर्ण झाले की त्यात दोन-तीन माणसे टाकावीत, म्हणजे प्रमाण कळते. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, बैलगाडीवाला, छत्रीखालचा म्हातारा. ही माणसे मोजपट्टीपुरती येतात. जमिनीशी त्यांचे काय नाते आहे, ते चित्र विचारत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांनी हा प्रश्न जितक्या ताकदीने विचारला, तितका आमच्या भागात दुसऱ्या कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख, घरातल्या आधीच्या पिढ्या खाणीत राबलेल्या, आणि हातात साधन चारकोल. म्हणजे ज्या काळ्या वस्तूने गावाचे शेत खाल्ले, तिच्याच जवळच्या वस्तूने ते भिंतीभर चित्र काढतात. त्यांच्या चित्रांत खणलेल्या जमिनीच्या पायऱ्या असतात, आणि माणसांची शरीरे अवजारांशी, दिव्यांशी, जनावरांशी जोडली गेलेली असतात. मजूर प्रमाण दाखवण्यासाठी उभा नसतो. जमीन आणि मजूर एकाच जखमेतून आलेले दिसतात. खैरागड आणि बडोद्याला शिकलेल्या या चित्रकाराला २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार अन्य पाच कलावंतांसह मिळाला, आणि २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांचे काम होते. उमरेडची उघडी खाण नागपूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिच्या कडेला उभे राहिलो की क्षितिजाखाली जमीन किती खोल जाते ते दिसते, आणि सपाट प्रदेशात उंची नसली तरी खोली माणसाने केलेली आहे, हे ध्यानात येते.

शहराला निसर्गचित्र म्हणून पाहणाऱ्यांत सुधीर पटवर्धन यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या चित्रकाराने ठाणे, उल्हासनगर, परळ यांचे पूल, चाळी, रेल्वेमार्ग एकाच चित्रात अनेक बाजूंनी वळवून आणले. मेट्रोच्या खांबांनी वर्धा रोडचा आकाशाचा तुकडा कापला गेल्यापासून मी त्यांच्या चित्रांकडे पुन्हा पुन्हा जातो.

आता कोराडी. तलाव, काठावर जगदंबेचे मंदिर, आणि मागे औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. इथल्या तीन मोठ्या संचांची क्षमता प्रत्येकी ६६० मेगावॉट आहे, म्हणजे राज्यातल्या किती घरांचे दिवे या धुरावर जळतात याची कल्पना करता येते. २०२२ च्या पावसाळ्यात या वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या खसाळ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि पाण्यात शिरला. हे सगळे चित्रात कसे घ्यायचे? संध्याकाळी धुराच्या लोटावर जो गुलाबी-केशरी प्रकाश पडतो, तो खरोखर सुंदर असतो, आणि तिथेच धोका आहे. एडवर्ड बर्टिन्स्की यांच्या खाणींच्या आणि सांडपाण्याच्या छायाचित्रांविषयी हा वाद फार जुना आहे, की विध्वंस इतका देखणा दाखवला तर पाहणारा त्याच्यापुढे केवळ थक्क होऊन थांबतो का. दुसऱ्या टोकाला, चिमणी काळी आणि झाड रडणारे असे काढले की शालेय स्पर्धेतले घोषणाचित्र होते. मला वाटते, मधला रस्ता तपशिलात आहे. राख पांढरट असते, ओली झाली की शिशासारखी करडी होते, आणि तिच्यावर चाललेल्या गाईच्या खुरांचे ठसे कडक राहतात. हे नीट पाहून काढले की भाष्य वेगळे लिहावे लागत नाही.

या तपशिलाच्या शोधातूनच मी दुकानातल्या ट्यूबांपासून थोडा बाजूला आलो. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकाराने दाबून रंग काढता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि चित्रकार स्टुडिओबाहेर पडू शकला. त्या नळीचे उपकार मोठे आहेत. पण तिच्यातली जमीन कुठली तरी असते. जर्मनीचे आन्सेल्म किफर शेते रंगवताना कॅनव्हासवर पेंढा, राख, शिसे चढवतात. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातले जॉन साब्रॉ आणि त्यांचे अभियंता सहकारी बंद पडलेल्या कोळसाखाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यातले लोह वेगळे काढून त्याचे रंगद्रव्य करतात, म्हणजे ओढा स्वच्छ होतो आणि चित्रालाही रंग मिळतो. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो आपल्या जिल्ह्याच्या भूशास्त्राचा.

कारण भूशास्त्राच्या बाबतीत नागपूर मुळीच सपाट नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड याच शहरापाशी संपते. सीताबर्डीची टेकडी त्या काळ्या बेसॉल्टची. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तळ्यातल्या गाळात टाकळीच्या परिसरात जीवाश्म मिळाले आणि ते एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. पूर्वेला आणि उत्तरेला खडक पालटतो; कामठीचा वालुकाश्म तांबूस-पिवळा आहे आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याला कामठीचेच नाव आहे; रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. एका दिवसाच्या फेरीत काळा, पिवळा, तांबडा, तपकिरी आणि चुनखडीचा पांढरा असे पाच रंग पिशवीत घेऊन घरी येता येते. अंबर नावाने आपण जो तपकिरी रंग विकत घेतो, त्याची खोली मँगनीजमुळेच येते.

माती रंग व्हायला वेळ लागतो. वाळवायची, कुटायची, पाण्यात ढवळून जड वाळू खाली बसू द्यायची, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात नितळू द्यायचे, खाली उरलेला मऊ गाळ सुकवून मलमलच्या फडक्यातून गाळायचा. मग काचेवर डिंकाच्या पाण्यात, थोड्या मधासह, गुळगुळीत होईपर्यंत घोटायचा आणि बुरशी लागू नये म्हणून लवंगतेलाचा एखादा थेंब घालायचा. राख किंवा मँगनीजची भुकटी हाताळताना तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण ती धूळ फुप्फुसाला घातक असते. प्रत्येक मातीचा स्वभाव निराळा असतो. कामठीचा पिवळा सरळमार्गी आहे, लावावा तसा बसतो. कपाशीची काळी माती ओली असताना इतकी गर्द दिसते की आनंद होतो, आणि वाळली की करडी-तपकिरी होऊन बसते. जाड थर दिला तर तिला भेगा पडतात, कारण शेतात जे होते तेच कागदावर होते, पाणी गेले की ही माती आकसते. मी त्या भेगा आता राहू देतो. एप्रिलमधले शेत याहून अधिक खरेपणाने मला काढता आले नसते. पळसाच्या फुलांचा केशरी मात्र सोडून दिला. धुळवडीला तो शोभतो, पण उजेडात ठेवलेल्या कागदावरून तो उडून जातो. मातीतले लोहाचे रंग शतकानुशतके टिकतात.

यावर काही मित्रांचा आक्षेप असा, की मातीने काढले म्हणून चित्र चांगले होत नाही. अगदी बरोबर आहे. वस्तूचा उगम हा गुणवत्तेचा दाखला नव्हे, आणि चित्राखालच्या पाटीवर मातीच्या गावाचे नाव वाचल्यावरच जे चित्र आवडते, ते कच्चे आहे. माझ्यापुरता लाभ असा झाला, की माती आणायला जावे लागते. शेतकऱ्याला विचारावे लागते, तो काय पेरले, काय हाती आले, विहिरीला पाणी किती ते सांगतो, आणि ज्या शेताकडे मी रस्त्यावरून दृश्य म्हणून पाहिले असते, ते कोणाचे तरी होते.

एका जागी थांबण्याविषयी लिहायचे तर इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे उदाहरण टाळता येणार नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते यॉर्कशायरला परतले आणि अगदी साध्या, पर्यटक ज्याकडे वळणारही नाहीत अशा रस्त्यांवर काम करू लागले. २००७ मध्ये त्यांनी वॉर्टर गावाजवळच्या झाडांचे ५० कॅनव्हास जोडून सुमारे १२ मीटर रुंदीचे चित्र केले. २०११ मध्ये वोल्डगेटच्या एकाच रस्त्यावर हिवाळ्यातून वसंत कसा येतो ते आयपॅडवर टिपत राहिले. नंतर नॉर्मंडीतल्या एका वर्षाची सुमारे ९० मीटरची पट्टी केली. साधन डिजिटल आहे की तैलरंग, यावर आमच्याकडे वाद होतात. त्यांच्या कामातून मला दिसते ते एवढेच, की एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा गेलेल्या डोळ्याला साध्या झुडपातही रोज नवे काही सापडते. चौकट लांबवत नेली की आडवे क्षितिज अडचण राहत नाही, तेच चित्राची दिशा होते. आणि चालत पाहणे ही तर वेगळीच शाखा झाली आहे. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग यांनी इंग्लंडातल्या एका गवताळ मैदानावर येरझाऱ्या घालून उमटवलेली सरळ रेघ हीच कलाकृती मानली गेली.

म्हणून मी नाग नदी निवडली. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिला शहर नाला म्हणते. अंबाझरीपासून निघून पंचशील चौक, मोक्षधाम, जगनाडे चौक, पारडी असे करीत, भिंतींच्या मधून, पुलांच्या खालून ती पूर्वेला जाते, पिवळी नदीला मिळते आणि पुढे कन्हानला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नागच्या काठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा ती नदी आहे हे सर्वांना आठवले. मी घडीच्या लांब कागदावर, जुन्या पंचांगासारख्या उलगडत जाणाऱ्या पट्टीवर, तिचा काठ उतरवतो आहे. पुराची रेघ काही घरांच्या भिंतींवर अजून दिसते. ती पट्टीवर सलग आडवी येते, आणि माझ्या क्षितिजरेषेच्या जागी मी तीच ठेवली आहे. काठावर बसलो की कोणीतरी विचारते, "काय काढून राहिले जी इथं?" मग बोलणे निघते, आणि पूर कुठपर्यंत आला होता ते हाताने दाखवले जाते. अशा कितीतरी उंच्या मी पेन्सिलीने नोंदवून घेतल्या आहेत; चित्रात त्या माझ्या अंदाजापेक्षा अधिक विश्वासाच्या आहेत.

अशी पट्टी फ्रेममध्ये बसत नाही आणि दिवाणखान्यात लावता येत नाही. ती लांब टेबलावर उलगडून ठेवावी लागेल आणि पाहणाऱ्याला तिच्या बाजूने चालावे लागेल. गॅलरीपेक्षा एखाद्या शाळेचा व्हरांडा किंवा समाजभवन तिला अधिक सोयीचे पडेल, असे मी ठरवले आहे. पारडीच्या पुढचा, कन्हानपर्यंतचा भाग व्हायचा आहे. तिथे काठाने शेती आहे, पाणी शहराने वापरून सोडलेले आहे आणि त्या पाण्यावर भाजी पिकते. त्या भागासाठी तिथल्याच शेतांची माती वापरायची आहे. पावसाळा संपून रस्ते मोकळे झाले की मी ती मागायला जाणार आहे, आणि पट्टी पुरी झाल्यावर माती देणाऱ्यांच्या अंगणात ती सर्वांत आधी उलगडणार आहे.